अळीच्या पाण्याचा परवाना

देवणी,
१२ डिसेंबर १९८५

प्रिय फुला,

आज सकाळी ओसरीवर बसून नागुबाईच्या नातीची वेणी घालत होते. डोक्यात उवा निघाल्या, आणि मला आपल्या हैदराबादच्या बोर्डिंगची मागची पायरी आठवली. शनिवारची दुपार, तुझं डोकं माझ्या मांडीवर, शेजारी रॉकेलची वाटी. सिस्टर अ‍ॅग्नेस संध्याकाळी पांढरा कागद धरून प्रत्येकीचे केस झटकायच्या, म्हणून त्याआधीच आपण एकमेकींची डोकी साफ करून ठेवायचो. तू कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात पाणी भरणाऱ्याची मुलगी, फी माफ असलेली. मी उदगीरच्या अडत्याची. माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला त्याच आठवड्यात परत नेलं असतं. आपल्याला मात्र एवढंच कळत होतं की कुणाच्या डोक्यात जास्त निघतात. तू मोजायचीस. तेव्हापासूनच तू मोजणारी.

आता कामाचं लिहिते. यंदा मृग कोरडा गेला. पोळ्यानंतर दोन सरी आल्या, तेवढंच. ज्वारी वाळली, जनावरं छावणीत आहेत. उरला तो हरभरा. तो पहाटेच्या दवावर कसाबसा उभा आहे आणि त्यावर घाटेअळी पडली आहे.

दोन वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस ना, की झाडाच्या शेंड्याला उलटी लटकून काळी पडलेली अळी रोगाने मेलेली असते; तशा अळ्या वाटून, फडक्यातून गाळून, पाण्यात चिमूटभर नीळ घालून ऊन उतरल्यावर फवारलं की बाकीच्या अळ्यांनाही तोच रोग लागतो, माणसाला नि बैलाला काही होत नाही. ते पत्र मी नागुबाईला वाचून दाखवलं होतं. ही माझ्या शेजारची, दोन एकरवाली. ती म्हणाली, "म्हंजी अळीला पटकी आणायची म्हणा की!" गेल्या वर्षी आम्ही अकरा घरांचा हरभरा वाचवला. यंदा चाळीस घरं मागायला आली. बारा बाया अळ्या वेचतात, मी गाळते आणि बाटल्या भरते. गावात त्याला अळीचं पाणी म्हणतात.

महिन्यापूर्वी लातूरहून निरीक्षक आला. भीमाशंकर नावाचा, तरुण आहे. जिल्हा नवा होऊन तीन वर्षं झाली, तरी त्याच्या पावतीवर छापलेलं उस्मानाबाद पेनने खोडून वर लातूर लिहिलं होतं. म्हणाला, "बाई, परवान्याशिवाय कीटकनाशक विकता?" मी म्हटलं, यात विष नाही. तो म्हणाला, "विष नाही तर विकता काय? हे कुत्र्याला पाजलं तरी मरणार नाही!" नागुबाई मागून बोलली, "साहेब, कुत्रं कशाला मारायलाव? ते हरभरा खात न्हाई." सगळ्या हसल्या. तो हसला नाही. तीन बाटल्या लाखेची मोहर लावून घेऊन गेला आणि अहवाल येईपर्यंत एक थेंबही द्यायचा नाही असं लिहून दिलं.

नमुने तुमच्याच प्रयोगशाळेत आलेत. जरा बघ ना. घाटे भरायला लागलेत, अळी थांबत नाही. नागुबाईने विचारलं, "ती साहेबीण आमच्यातली हाय म्हणं?" मी हो म्हटलं. "मंग भ्याव न्हाई," म्हणाली.

तुझी,
गौरम्मा


नांदेड,
२१ डिसेंबर १९८५

प्रिय गौरी,

तुझं पत्र परवा मिळालं. शिक्का बघितला तर पोस्टातच चार दिवस पडून होतं.

सिस्टर अ‍ॅग्नेसच्या कागदाची आठवण तू काढलीस आणि मी टेबलाशी बसून एकटीच हसले. शिपाई पंढरीने विचारलं, "बाई, बरं हाय न्हं?" या खोलीत हसणं ऐकायची त्याला सवय नाही. टिनाचं छप्पर आहे, डिसेंबरातही दुपारी तापतं. खिडकीतून विष्णुपुरीच्या धरणावर जाणाऱ्या ट्रकची धूळ येते. मी रोज सकाळी बाटल्या पुसते आणि संध्याकाळी पुन्हा पुसते.

तुझ्या नमुन्यांचं काय सांगू? आमच्याकडे येणाऱ्या बाटलीवर नाव नसतं, गाव नसतं. चिकटवलेला आकडा असतो. कुणाचा माल आहे हे तपासणाऱ्याला कळू नये, म्हणजे ओळखदेख चालत नाही. चांगला नियम आहे. मीच त्यासाठी भांडले होते. त्यामुळे तुझ्या बाटल्या कोणत्या, हे मला सांगता येत नाही. अहवाल येईल तेव्हा येईल.

त्या बाटल्या कसल्या होत्या गं? खोकल्याच्या औषधाच्या, तपकिरी रंगाच्या?

नागुबाईंना सांग, काळजी करू नका. आणि तू ऊन बघून बाहेर पड. मागच्या पत्रात तुझं अक्षर जरा हललेलं वाटलं.

तुझी,
फुला


देवणी,
९ जानेवारी १९८६

प्रिय फुला,

हो, तपकिरीच होत्या. उदगीरच्या दवाखान्यातून मागून आणल्या होत्या.

अहवाल आला. विषारी द्रव्य आढळले नाही, नमुना बनावट. खाली कुणाचीतरी सही आहे, मला वाचता आली नाही. भीमाशंकरने चावडीवर मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना तो माझ्याकडे बघत नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगते. माझ्यावर खटला करायचा की नाही ते वरून ठरेल म्हणाला.

त्या संध्याकाळी लोक बाटल्या परत आणून ओट्यावर ठेवून गेले. कुणी भांडलं नाही. ठेवायचे आणि जायचे. व्यंकटी पाटलाच्या सुनेने तेवढं तोंड उघडलं, "गौराक्का, नुसतं निळीचं पाणी दिलाव व्हय आमाला?" एकोणतीस वर्षं मी या गावात आहे, फुला. माझ्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. नागुबाईचा मुलगा भीमा गेला.

अळीचं पाणी बंद झाल्यावर तो उदगीरहून कवटीचं चित्र असलेला डबा घेऊन आला. दोन वर्षं घरात तसलं औषध नव्हतं, त्यामुळे त्याची सवय मोडली होती. आमचं पाणी फवारताना तोंड बांधावं लागत नसे, तो गाणी म्हणत फवारायचा. तसाच गेला, भर दुपारी, वारा समोरून. पंप पाठीवर गळत होता, सदरा चिंब झाला. घरी आला तेव्हा डोळ्यांनी दिसेना म्हणाला. नागुबाई त्याला अंघोळ घालायला धावली, तर रांजण कोरडा. टँकर दोन दिवस आला नव्हता. शेजारपाजारचं मिळून अर्धी घागर जमली, त्यात तिने एवढ्या मोठ्या मुलाचं अंग पुसलं. जीपमध्ये देवणीच्या शिवेबाहेर पडेपर्यंत तो तिला "माय, वास येऊलालाय" म्हणत होता. उदगीरला पोचला नाही. दोन तारखेला.

वेणी घालत होते म्हणून लिहिलं होतं ना, ती त्याचीच मुलगी. चार वर्षांची आहे.

गौरम्मा


नांदेड,
१९ जानेवारी १९८६

प्रिय गौरी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. नागुबाईंना माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस.

मी एकच काम करू शकते, ते हातात घेतलं आहे. आमच्या सगळ्या तपासण्या विषासाठी आहेत. बाटलीत कोणतं रसायन, किती टक्के, एवढंच आमची यंत्रं सांगतात. तुमच्या पाण्यात आहे तो एक रोग. त्याला टक्के नसतात. तो आहे की नाही हे फक्त अळीच सांगू शकते. म्हणून मी नवी तपासणी लिहून काढली आहे: तीस जिवंत अळ्या घ्यायच्या, प्रत्येकीला वेगळ्या कुपीत ठेवायचं, कारण एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना खातात. भिजवून सोललेल्या हरभऱ्याला ते पाणी लावून खायला द्यायचं आणि आठ दिवस मोजायचं. शेजारी आणखी तीस अळ्या साध्या पाण्यावर ठेवायच्या.

हे घेऊन मी लातूरला अमृतरावांकडे गेले. जिल्ह्याच्या कृषी खात्याचे ते प्रमुख. म्हणाले, "बाई, कायद्यात अळीला साक्षीदार म्हणून कुठे बोलावलंय?" मी म्हटलं, साहेब, मनाई तरी कुठे केलीय? त्यांनी उठून कपाट उघडून बघितलं. कचेरीच्या भिंतींना अजून नव्या चुन्याचा वास आहे, कपाटं अर्धी रिकामी. मग म्हणाले, "जुन्या जिल्ह्यात असतो तर मी मागची फाईल मागवली असती आणि तिच्यात नाही म्हणून नाही म्हटलं असतं. इथे मागची फाईलच नाही. करा." एक हंगाम, एक जिल्हा, पाच गावं, एवढ्यापुरता तात्पुरता परवाना देता येईल का, हे ते वर विचारणार आहेत. तोवर खटला थांबवायला त्यांनी तोंडी सांगितलं आहे.

मला ताजं पाणी हवं आहे. मडक्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून, पहाटेच्या गाडीने पाठव. ऊन लागू देऊ नकोस. पूर्वीच्या बाटल्या इथे तीन आठवडे टिनाखालच्या कपाटात होत्या. त्यातला रोग बहुधा आधीच मेला असेल. नमुना कसा आणावा याचाही नियम मी त्यात घातला आहे.

फुला


देवणी,
६ फेब्रुवारी १९८६

फुला,

भीमाशंकरच्या हाती मडकं पाठवते आहे. त्याने स्वतः मागून घेतलं. म्हणाला, "मी मांडीवर घेऊन बसतो, अक्का." तो हल्ली इकडे आला की नागुबाईच्या दारावरून जात नाही, मागच्या गल्लीने जातो.

अळ्या मिळणं अवघड झालं आहे. हरभरा बहुतेक उपटला, जो होता तो. नागुबाईने तिच्या रानात राहिलेल्या चार सऱ्यांतून वेचून आणल्या. मी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "घरी बसून तरी काय करू? हात रिकामे ऱ्हायले की पोरगं दिसतंय."

मला थोडा ताप असतो. लातूरला दाखवून आले. विशेष काही नाही.

गौरम्मा


नांदेड,
१४ मार्च १९८६

प्रिय गौरी,

तीस अळ्यांपैकी अठ्ठावीस मेल्या. चौथ्या दिवशी खाणं सोडलं, सहाव्या दिवशी कुपीच्या बुचापर्यंत चढून उलट्या लटकल्या. साध्या पाण्यावरच्या तीसपैकी एक मेली. मी पुन्हा केलं, सत्तावीस. पंढरी रोज सकाळी माझ्या आधी येऊन मोजायचा आणि मला आकडा सांगायचा नाही, "तुमी मोजा, मंग जुळवू," म्हणायचा.

परवाना मंजूर झाला. तात्पुरता, एका हंगामाचा, पाच गावांचा. या भागात अशा मालाला मिळालेला पहिलाच, असं अमृतराव म्हणतात. तुझ्या नावाने तयार होतो आहे. मागचा अहवाल रद्द झाल्याचा कागद त्याला जोडला आहे, तोही चावडीवर वाचला जाईल. आता तपासणीच्या अर्जात चौथा रकाना आहे: "सजीव असल्यास अळीवरील परिणाम."

तो रकाना पूर्वी नव्हता, त्याबद्दल मला तुला लिहायचं आहे. तीन महिने मी इतर सगळं लिहिते आहे.

मागच्या अहवालावर सही माझी होती. क्रमांक त्रेचाळीस. चार डिसेंबरला मी त्या तपकिरी बाटलीचं बूच काढलं आणि वास आला. कुजलेल्या अळीचा. तो वास मला ठाऊक आहे, मी तुला त्याबद्दल लिहिलंही होतं. बाटली कुणाची ते कळलं नाही, पण आत काय आहे ते मी ओळखलं. अर्जात रकाने तीन होते. विषाचं नाव, टक्के, शेरा. नाव नाही, टक्के शून्य. शेऱ्यात मी दोन ओळी लिहू शकले असते की हा माल वेगळा आहे, याची तपासणी आपल्याकडे नाही. त्या दिवशी बावीस नमुने होते आणि "बनावट" हा शिक्का शाईत बुडवून ठेवलेला होता.

हे एवढंच असतं तर कदाचित मी तुला लगेच सांगितलं असतं. पण तुझं पत्र मला एकोणीस डिसेंबरला मिळालं. बारा बाया, अळीचं पाणी, तीन बाटल्या. वाचता वाचताच मला कळलं. बाटल्यांचा रंग मी उगाच विचारला, मला माहीत होता. अहवाल तेव्हा लातूरला होता, गावात वाचलेला नव्हता. एक तार केली असती तर परत आला असता. भीमा दोन जानेवारीला गेला. माझ्याकडे चौदा दिवस होते, गौरी.

तार का केली नाही? चूक झाली असं लिहून द्यावं लागलं असतं. या खात्यात मी एकवीस वर्षं आहे आणि माझी एक चूक निघावी म्हणून वाट बघणारी माणसं रोज माझ्याबरोबर डबा खातात. माझी चूक निघाली की ती एकट्या पंचफुलाची राहत नाही, "त्यांची माणसं अशीच" असं होतं. मी स्वतःला म्हटलं, अहवाल जाऊ दे, मग नवी तपासणी आणून सगळं नीट करू, कुणाला कळणारही नाही. आणि नीट केलंही. बघ, अठ्ठावीस अळ्या.

नागुबाई मला आपल्यातली म्हणाल्या होत्या. ते वाक्य मी रोज टिनाखाली बसून ऐकते.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. परवाना मात्र घे.

फुला


देवणी,
२ एप्रिल १९८६

प्रिय फुला,

तुझी सही मी चावडीवरच ओळखली होती. भीमाशंकरने वाचून झाल्यावर कागद माझ्या हातात दिला. इंग्रजीतला तो पी, सिस्टर अ‍ॅग्नेसनी छडी घेऊन घोटवलेला, खालून वळसा घेऊन वर जाणारा. मी तुला लिहिलं की वाचता आली नाही. खोटं लिहिलं. मला वाटलं, तू स्वतःहून सांगशील. भीमाचंही त्याच पत्रात लिहिलं, तेव्हा वाटलं, आता तू नक्की सांगशील. तुझं पत्र आलं, त्यात तीस कुप्या होत्या. मी रागावले होते. दोन आठवडे उत्तर दिलं नाही ते तापामुळे नव्हे.

चौदा दिवसांचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं आणि तीन दिवस काढलं नाही. आज काढलं, कारण मला लांबवून चालणार नाही. लातूरच्या डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं नाव सांगितलं आणि उन्हाळा म्हणाले. पावसाळ्याबद्दल काही बोलले नाहीत. तुझ्यावर माझा राग आहे की नाही, हे मला आता मोजता येत नाही. मोजणं तुझं काम. मी एवढंच सांगते की या महिन्यात जे काही मनात येतं ते पहिल्यांदा तुलाच लिहावंसं वाटतं. तेव्हा सगळं नीट लिहून घे आणि तसं कर.

परवाना माझ्या नावाने करू नकोस. नागुबाईच्या नावाने कर. परवान्याच्या अर्जात शिक्षणाचा रकाना आहे, भीमाशंकर म्हणाला किमान सातवी पास लागते. ती अट काढायला लाव. तुम्ही अळीला साक्षीला बोलावलंत, तर बाईच्या अंगठ्यालाही जागा करता येईल. अळी कोणती रोगाची आणि कोणती नुसती मेलेली, हे तिला दहा पावलांवरून कळतं. मला हातात धरूनही कळत नाही.

विरजणाचं मडकं, म्हणजे पुढच्या हंगामासाठी गाळून ठेवलेलं पाणी, माझ्या देवघरामागच्या खड्ड्यात पुरलेलं आहे. तेही नागुबाईचं. वर रोज ओलं फडकं टाकायचं, पिण्याचं पाणी कमी असलं तरी.

पाटा-वरवंटा बारा बायांचा. कुणा एकीच्या घरी ठेवायचा नाही, समाजमंदिरात ठेवायचा. व्यंकटी पाटलाच्या सुनेलाही वाटायला बोलवायचं. ती बोलली, पण ती बाटली परत आणताना रडत होती.

माझी वही तुझ्या प्रयोगशाळेला. त्यात कुठल्या दिवशी किती अळ्या, किती पाणी, किती घरं, ते आहे. माझं गणित तपासून घे.

माझी भाची दानम्मा उदगीरच्या शाळेत शिकवते. चष्मा आणि पुस्तकं तिला. त्याबदल्यात तिने दर रविवारी येऊन नागुबाईची नोंदवही लिहायची. तिला सांगून ठेवलं आहे, ती हो म्हणाली.

छावणीत माझी एक देवणी गाय आहे, कपाळावर काळा ठिपका. ती भीमाच्या मुलीला. गाय तिच्या नावाने, दूध घरात.

भीमाशंकरला काही देऊ नकोस. त्याला फक्त सांग, पुढच्या दाराने ये.

माझ्या गळ्यातलं इष्टलिंग माझ्याबरोबर जाईल. ते कुणाला द्यायचं नाही.

आता राहिले दोन अहवाल, बनावट म्हणणारा आणि तो रद्द करणारा. दोन्ही नागुबाईला वाचून दाखवायचे आहेत. तिला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दानम्माने वाचायचे नाहीत, भीमाशंकरनेही नाहीत. तू यायचं. मुखेडवरून येणारी पहाटेची गाडी धर, उदगीरहून जीप मिळते. दुपारी ती रानात असते, त्याआधी ये. कोणत्या तारखेला सही केलीस, कोणत्या तारखेला तुला कळलं, तेही सांग. ती त्यावर जे बोलेल ते तुझ्या वाट्याचं. ते मला वाटून देता येत नाही.

तुझी,
गौरी